कोच भारी की टीम भारी? विदर्भाच्या रणजी वादातून छोट्या उद्योजकानं काय घ्यायचं



आज विषय क्रिकेटचा आहे, पण शेवटी तो तुमच्या गल्ल्यापाशीच येऊन थांबणार आहे. क्रिकेट आवडत नसेल तरी वाचा. तुमच्या हाताखाली एक जरी माणूस कामाला असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

यवतमाळच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विदर्भाच्या टीमचा विषय काढून बघा. दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "चंदू पंडित आला म्हणून विदर्भ जिंकला. साठ वर्षांत कोणाला जमलं होतं काय?" दुसरी लगेच म्हणते, "काही नाही बे! टीम तयारच होती. खेळले पोरं, नाव झालं कोचचं." मग तिसरा एखादा म्हणतो, "मंग तो गेल्यावर काऊन नाही जिंकले?" आणि चौथा म्हणतो, "जिंकले न २०२५ मध्ये! तवा कुठं होता पंडित?"

चहा संपतो, वाद संपत नाही. कारण हे चौघंही थोडे थोडे बरोबर आहेत. आणि नेमका हाच वाद तुमच्या दुकानातही चालू असतो, फक्त कोणी मोठ्यानं बोलत नाही. धंदा तुमच्यामुळे चालतो की माणसांमुळे? तुम्ही नसलात तर चालेल का? शिकवलेलं पोरगं उद्या सोडून गेलं तर काय? चला, एक एक करून बघू.

आधी हिशोब: पंडित सरांनी नेमकं काय केलं?

विदर्भाची टीम या नावानं रणजी करंडकात खेळू लागली १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतर सुमारे सहा दशकं करंडक एकदाही आला नाही. मोठ्या टीमा विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे हक्काचे गुण समजायच्या.

२०१७ मध्ये चंद्रकांत पंडित विदर्भाचे कोच झाले. ते कुठून आले होते हे लक्षात घ्या. कोच म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन रणजी करंडक जिंकून दिले होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांची जागा गेली. आदल्या वर्षी विजेतेपद आणि यंदा उपविजेतेपद, तरी घरी पाठवलं. असा माणूस विदर्भानं उचलला.

पहिल्याच हंगामात, २०१७-१८ मध्ये, विदर्भ अंतिम फेरीत गेला. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाला फक्त ५ धावांनी हरवलं. मग इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीवर ९ गडी राखून विजय. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाच्या हाती पहिला रणजी करंडक आला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली आणि अक्षय वाडकर नावाच्या, त्याच हंगामात टीममध्ये आलेल्या यष्टिरक्षकानं १३३ धावा काढल्या. हे वाडकर नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही जिंकला. तिसऱ्या वर्षी मात्र, २०१९-२० मध्ये, विदर्भ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. मग २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या टीमलाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. समोर कोण होतं? मुंबई!

म्हणजे कोच म्हणून सहा रणजी करंडक, तीन वेगवेगळ्या टीमांबरोबर. एका टीमबरोबर जमलं तर योगायोग म्हणता येईल. तीन टीमांबरोबर जमलं तर माणसाकडे काहीतरी पद्धत आहे, हे मान्य करावं लागतं.

आता दुसऱ्या पार्टीचं ऐका

"टीम तयारच होती" म्हणणारे काही हवेत बोलत नाहीत. पंडित येण्याआधी २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत विदर्भ बाद फेरीपर्यंत गेला होता. त्याआधी पारस म्हांब्रे यांनी या टीमवर काम केलं होतं. जामठ्याचं मैदान होतं, विदर्भ क्रिकेट असोसिएशनची अकादमी होती, खालच्या वयोगटातून पोरं तयार होऊन वर येत होती. वसीम जाफरसारखा मुरलेला फलंदाज मुंबई सोडून २०१५-१६ मध्येच विदर्भात आला होता. २०१८-१९ च्या हंगामात चाळिशीतल्या जाफरनं हजाराच्या वर धावा केल्या. फैझ फझल कर्णधार होता आणि २०१७-१८ मध्ये त्याच्या ९१२ धावा होत्या.

मग प्रश्न पडतो की पंडितांनी काय केलं? पीक दुसऱ्यांनी पेरलं आणि कापणीला हे आले?

मित्रांनो, आपण शेतकऱ्यांच्या जिल्ह्यातले लोक आहोत. कापूस बोंडात आला म्हणजे घरात आला असं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. वेचणी वेळेवर झाली नाही आणि पाऊस आला, तर उभ्या पिकाची माती होते. पेरणाऱ्याचं श्रेय पेरणाऱ्याला आणि घरात माल आणणाऱ्याचं श्रेय त्याला. बाद फेरीपर्यंत जाणारी टीम आणि करंडक उचलणारी टीम यांच्यात जो फरक असतो, तो बहुतेक वेळा शिस्तीचा आणि विश्वासाचा असतो. तो फरक पंडितांनी भरून काढला, असं मला वाटतं. पण जमीन त्यांनी एकट्यानं तयार केली नाही, हेही तितकंच खरं.

तुमच्या धंद्यासाठी पहिला मुद्दा इथंच आहे. निकालावरून माणूस जोखताना, त्याला सुरुवातीला काय मिळालं होतं ते आधी लिहून काढा. भर चौकातल्या दुकानात बसलेल्या सेल्समनची विक्री आणि गावाबाहेरच्या रोडवर बसलेल्याची विक्री एकाच मापानं मोजू नका. दिवाळीच्या महिन्यातला आकडा श्रावणातल्या आकड्याशी ताडून पाहू नका. खरीप तोंडावर असताना कृषी सेवा केंद्रात गर्दी होतेच, त्यात काउंटरवरच्या पोराची कमाल किती आणि पावसाची किती, हे बघा.

आपल्या जिल्ह्याचं पोरगं: अक्षय कर्णेवार

आता थोडं घरचं बोलू. या वादात आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा एक माणूस आहे, अक्षय कर्णेवार. नागपूर आपल्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर. मोठं मैदान तिकडं, निवड तिकडं. इथून तिथं पोहोचणं हीच निम्मी लढाई.

कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. उजव्या हातानं ऑफस्पिन आणि डाव्या हातानं डावखुरी फिरकी. समोर उजवा फलंदाज आहे की डावरा, ते पाहून हात बदलतो. २०१७ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्यानं हे करून दाखवलं आणि सगळ्या देशानं पाहिलं.

पण हे झालं कसं? सुरुवातीला तो फक्त उजव्या हातानं गोलंदाजी करायचा. लहानपणीच्या कोचच्या लक्षात आलं की पोरगं चेंडू फेकतं डाव्या हातानं. "मग डाव्या हातानंही टाकून बघ की!" इतकी साधी सूचना. त्या एका निरीक्षणातून एक वेगळाच खेळाडू घडला.

इथं थांबून विचार करा. त्या कोचनं काहीही विकत आणलं नाही. नवीन मशीन नाही, बाहेरचा तज्ज्ञ नाही. समोर जे होतं ते नीट पाहिलं, एवढंच. तुमच्याकडे पोळ्या लाटणारी बाई कदाचित हिशोबात तल्लख असेल. डिलिव्हरीवाल्या पोराला अख्ख्या गावातली माणसं नावानं माहीत असतील. शिलाईवर बसलेली ताई गिऱ्हाइकाला कापड निवडून देण्यात हुशार असेल. तुम्ही कधी पाहिलंय का, की तो माणूस "दुसऱ्या हातानं" काय करतो?

आता पुढचं बघा. २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भाचा पहिला डाव अडचणीत होता. कर्णेवार खाली फलंदाजीला आला आणि नाबाद ७३ धावा काढून गेला. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी फक्त ५ धावांची! त्या ७३ धावा नसत्या तर सामन्याचं चित्रच वेगळं असतं. त्यानंतर लगेच इराणी सामन्यात शेष भारताविरुद्ध त्यानं १०२ धावा केल्या. टीममध्ये घेतलं होतं फिरकीसाठी, पण गरज पडली तेव्हा बॅटही चालली.

आणि पंडित गेल्यानंतर? ८ नोव्हेंबर २०२१ ला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध कर्णेवारनं चार षटकं टाकली. चारही निर्धाव. शून्य धावा, दोन बळी. पुरुषांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये चारही षटकं निर्धाव टाकणारा तो पहिला गोलंदाज ठरला.

माझ्या दृष्टीनं कोचच्या कामाची खरी पावती इथं आहे. करंडक कपाटात राहतो. माणसात उतरलेलं कौशल्य मात्र कोच गेल्यावरही कामाला येतं. ज्या कोचनं लहानपणी डावा हात ओळखला आणि ज्यांनी पुढे मोठ्या सामन्यात विश्वास टाकला, त्या सगळ्यांचा हिस्सा त्या चार षटकांत होता.

कडक कोच चांगला की वाईट?

पंडितांबद्दलचा दुसरा मोठा वाद त्यांच्या शिस्तीचा. त्यांचा कडकपणा क्रिकेटमध्ये सर्वांना ठाऊक आहे. वेळ म्हणजे वेळ, सराव म्हणजे सराव. विदर्भात आणि मध्य प्रदेशात हे चाललं. नव्या दमाची पोरं होती, करंडक कधी पाहिलेला नव्हता, शिकायची भूक होती.

२०२२ मध्ये तेच पंडित आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य कोच झाले. २०२३ मध्ये टीम सातवी. २०२४ मध्ये विजेती. २०२५ मध्ये आठवी, आणि त्यानंतर दोघांचे रस्ते वेगळे झाले. त्या काळात टीमकडून खेळलेल्या डेव्हिड वीसा या परदेशी खेळाडूनं, ही लष्करी छापाची शिस्त परदेशी खेळाडूंना जाचक वाटत होती, असं जाहीरपणे बोलून दाखवलं. २०२४ चं विजेतेपद आलं तेव्हा गौतम गंभीर मेंटॉर होता. मग पुन्हा तोच वाद, श्रेय गंभीरचं की पंडितांचं?

बघा, माणूस तोच, पद्धत तीच. समोरची माणसं बदलली तर निकाल बदलला. जो जगभर खेळून आलाय, ज्याला आपलं शरीर आणि आपला खेळ कळतो, त्याला किती वाजता जेवायचं हे सांगितलेलं आवडत नाही. पण वीस वर्षांच्या नवख्या पोराला तीच शिस्त आधार वाटते.

धंद्यातही असंच. कालच कामाला लागलेल्या पोराला "तुला जसं जमेल तसं कर" म्हणणं म्हणजे त्याला पोहता येत नसताना विहिरीत ढकलणं. आणि वीस वर्षं लेथ मशीन चालवणाऱ्या काकांच्या डोक्यावर दर तासाला उभं राहणं म्हणजे त्यांचा अपमान. शिस्त कामाला लावा, माणसाला नको. "बिल दिल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही" हा नियम सगळ्यांना, मालकाच्या भावालासुद्धा. पण "तू असाच आहेस, तुझ्याकडून होणारच नाही" हे वाक्य कोणालाच नाही.

थोडं लांबचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखं आहे. तिथं जॉन वूडन नावाचे एक कोच होऊन गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला, यूसीएलएला, त्यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पण ते तिथं रुजू झाले होते १९४८ मध्ये! पहिलं विजेतेपद यायला सोळा हंगाम लागले. आजच्या चाहत्यांनी त्यांना चौथ्या वर्षीच घरी पाठवलं असतं.

१९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांचं प्रत्येक बोलणं आणि प्रत्येक कृती नोंदवली. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. लोकांना वाटेल, एवढा मोठा कोच म्हणजे भाषणं ठोकत असेल. तसं काही नव्हतं. सुमारे ७५ टक्के नोंदी सरळ माहितीच्या होत्या. काय करायचं, कसं करायचं. शाबासकी ७ टक्क्यांच्या आसपास आणि नाराजीही जवळपास तेवढीच. हंगामाच्या पहिल्या दिवशी हा माणूस खेळाडूंना पायमोजे कसे घालायचे ते शिकवायचा. कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो.

आता स्वतःला विचारा. काल दिवसभरात तुम्ही तुमच्या माणसांशी जे बोललात, त्यात "असं कर, हे बघ, असं धर" किती होतं आणि "अक्कल नाही का तुला?" किती होतं?

शिकवलेलं पोरगं सोडून गेलं तर?

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "सर, शिकवतो आम्ही आणि मग तो शेजारीच दुकान टाकतो." खरं आहे, असं होतं. विदर्भाबरोबरही झालं.

२०१९ च्या त्या अंतिम सामन्याचा नायक होता आदित्य सरवटे. अकरा बळी घेतले होते त्यानं, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केलं होतं. विदर्भात घडलेला खेळाडू. २०२४-२५ च्या हंगामात तो केरळाकडे गेला. आणि अंतिम सामन्यात समोरासमोर कोण आलं? विदर्भ आणि केरळ! नागपूरलाच. सरवटेनं केरळाकडून ७९ धावा काढल्या. म्हणजे आपणच घडवलेला माणूस, आपल्याच मैदानावर, आपल्याविरुद्ध.

तरी करंडक विदर्भानं जिंकला. पहिल्या डावात ३७९ विरुद्ध ३४२, म्हणजे ३७ धावांची आघाडी, आणि सामना अनिर्णित राहिल्यानं त्या आघाडीवर विजेतेपद. कसं जमलं? कारण सरवटे गेला तरी मागे रांग तयार होती. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. यश राठोडनं हंगामात सगळ्यांत जास्त, ९६० धावा केल्या. अंतिम सामन्यात १५३ धावा काढणारा दानिश मालेवार पहिल्याच हंगामात खेळत होता. बाहेरून आलेला करुण नायरही होता, त्यानं ८६ आणि १३५ धावा काढल्या. कोच होते विदर्भाचेच उस्मान गनी.

आणि कर्णधार? अक्षय वाडकर. तोच, ज्यानं पंडितांच्या पहिल्या वर्षी टीममध्ये येऊन इंदूरला १३३ काढल्या होत्या. अंतिम अकरांत आपला कर्णेवारही होता. २०१८ मध्ये पेरलेलं २०२५ मध्येही उभं होतं. टपरीवरच्या चौथ्या माणसाला, "तवा कुठं होता पंडित?" या प्रश्नाचं हे घ्या उत्तर. पंडित नव्हते, पण त्यांच्या काळात उभा राहिलेला माणूस टीमचं नेतृत्व करत होता. आणि पंडितांच्या आधीपासून चालत आलेली अकादमी नवी पोरं देत होती.

म्हणून माणूस जाईल या भीतीनं शिकवणं बंद करू नका. एका माणसावर अवलंबून राहणं बंद करा.

हिशोब मांडून बघू

नुसतं तत्त्वज्ञान नको, आकडे घेऊ. समजा, दारव्हा रोडवर तुमचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. एक पोरगं हाताखाली आहे, पण ते फक्त काच बदलतं. बोर्डाचं काम फक्त तुम्हीच करता. लग्न, दवाखाना, शेतीची कामं, माल आणायला नागपूर असं धरून महिन्यातून चार दिवस दुकान बंद राहतं.

रोजचा निव्वळ फायदा १,५०० रुपये धरा. चार दिवस म्हणजे महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपयांचं नुकसान.

आता त्या पोराला रोज अर्धा तास, तीन महिने शिकवलं. म्हणजे तुमचे साधारण ४० तास. शिकताना काही पार्ट खराब होतील, त्याचे ८,००० धरा. काम आल्यावर पगार महिन्याला २,००० रुपयांनी वाढवला, म्हणजे वर्षाचे २४,०००. एकूण खर्च ३२,०००.

पोरगं तुमच्याइतकं काम करणार नाही. दोन तृतीयांश करेल असं धरू. बुडणाऱ्या ७२,००० मधले ४८,००० वाचले. त्यातून ३२,००० वजा केले तरी पहिल्याच वर्षी १६,००० हातात राहिले. एक वर्षानंतर पोरगं सोडून गेलं तरी तुम्ही रोखीत तोट्यात नाही. आणि टिकलं तर दुसऱ्या वर्षी तो ८,००० चा खर्चही नाही.

हे आकडे माझे. तुमचे वेगळे असतील. शिवणकाम, मेस, गॅरेज, पापड-मसाले, डाळ मिल, तुमचा जो धंदा असेल त्याचे आकडे घालून आजच हा हिशोब करा. काही धंद्यांत उत्तर उणेही येईल. तसं आलं तर आधी कोणतं काम शिकवायचं ते बदलून बघा.

दोन वह्या ठेवा

वादाचा निकाल काय मग? कोच भारी की टीम? माझं मत सांगतो. कोचला दोन वह्यांवर मोजा. पहिली वही निकालाची, किती जिंकलो. दुसरी वही माणसांची, कोण काय शिकलं आणि तो गेल्यावर काय उरलं.

फक्त पहिली वही बघाल तर मुंबईसारखं होईल, एका हारीवर चांगला माणूस हातचा जाईल आणि पाच वर्षांनी तोच समोरच्या टीमच्या बाकावर बसलेला दिसेल. आणि फक्त दुसरी वही बघाल तर "पोरं शिकताहेत" म्हणत म्हणत दुकानाचं भाडं थकेल. रणजीत पुढचा हंगाम असतो. आपल्याकडे बँकेचा हप्ता दर महिन्याला असतो. दोन्ही लागतात.

निकालाची वही तुमच्याकडे आहेच, रोजमेळ म्हणा, खातेवही म्हणा. दुसरी वही बहुतेकांकडे नसते. ती अशी करा:

१. एका पानावर डावीकडे माणसांची नावं लिहा. तुमचं स्वतःचंही नाव लिहा.

२. वरच्या ओळीत दुकानातली सगळी कामं लिहा. माल मोजून घेणं, बिल करणं, भाव सांगणं, उधारी मागणं, तक्रार ऐकणं, मशीन साफ करणं, सकाळी शटर उघडणं.

३. प्रत्येक चौकटीत आकडा टाका. ० म्हणजे कधी केलं नाही. १ म्हणजे कोणी सोबत असेल तर करतो. २ म्हणजे एकटा करतो. ३ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो.

४. ज्या कामाखाली फक्त तुमच्याच नावापुढे २ किंवा ३ आहे, त्याला लाल पेननं गोल करा. तुम्ही आजारी पडलात तर धंदा तिथं अडकणार.

५. दर महिन्याला फक्त एक लाल गोल निवडा आणि तेवढंच एक काम एका माणसाला शिकवा. एकदम सगळं नको.

६. शिकल्यावर खऱ्या सामन्यात उतरवा. शनिवारच्या गर्दीत अर्धा तास काउंटर त्याच्या हाती द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा. चुकेल. तिथं लगेच हात घालू नका, गिऱ्हाईक गेल्यावर सांगा.

छोटं बक्षीसही ठेवा. रमाकांत आचरेकर सर सरावात सचिन तेंडुलकरच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करेल त्या गोलंदाजाला नाणं, शेवटपर्यंत कोणीच बाद केलं नाही तर सचिनला. रुपयाची किंमत ती काय! पण नेमकं काय केलं की बक्षीस मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते त्याच दिवशी मिळायचं. वर्षाअखेरच्या मोठ्या बोनसइतकंच वजन या छोट्या नाण्याला असतं.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. एक, वर सांगितलेला तक्ता भरा आणि लाल गोल मोजा. दोन, तुमच्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक ओळ लिहा, "हा माणूस दुसऱ्या हातानं काय करू शकतो?" ओळ सुचली नाही तर समजा की अजून तुम्ही त्याला नीट पाहिलेलं नाही. दोन दिवस पाहा, मग लिहा.

लाल गोल दहाच्या वर आले तरी घाबरू नका. एकट्यानं सुरू केलेल्या धंद्यात सगळे गोल मालकाच्याच नावावर असतात, त्यात कमीपणा नाही. फक्त पुढच्या वर्षी हाच तक्ता पुन्हा भराल तेव्हा त्यातले निम्मे तरी पुसलेले असू द्या.

कोऱ्या तक्त्याचा नमुना कसा आखायचा ते पुढच्या व्हिडिओत फळ्यावर करून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा. भेटू!